मूलपेशींचे आश्वासन आणि जन्माआधीची ठेव
मूत्रपिंड व हृदयविकारांवरील खर्चाचा अग्रक्रम

चेन्नईच्या एग्मोर भागात पँथियन रोडवर शासकीय प्रसूती व स्त्रीरोग संस्था आहे. १८४४ साली सुरू झालेले हे रुग्णालय देशातील सर्वांत जुन्या प्रसूतिगृहांपैकी एक होय. तेथून थोड्याच अंतरावर, हॉल्स रोडवर, शासकीय बालआरोग्य संस्था व बालरुग्णालय आहे. दोन्ही संस्था मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहेत. पहिल्या संस्थेत मूल जन्माला येते, तर दुसऱ्या संस्थेच्या मूत्रपिंडविकार विभागात ज्यांच्या मूत्रपिंडांचे कार्य मंदावले आहे अशी बालके उपचारासाठी येतात. या दोन इमारतींमधील अंतर काही मिनिटांचे असले, तरी त्यामध्ये आरोग्य अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. निकामी झालेले मूत्रपिंड अथवा दुबळे झालेले हृदय मूलपेशींच्या साहाय्याने पुन्हा घडविता येईल काय? आणि तसे होईपर्यंत समाजाने आपला मर्यादित निधी कोठे खर्च करावा?

गेल्या पंचवीस वर्षांत मूलपेशी हा शब्द प्रयोगशाळेतून जाहिरातीत आणि जाहिरातीतून घराघरांत पोहोचला आहे. त्यामुळे या विषयात सिद्ध काय आणि अपेक्षित काय, यांची स्पष्ट विभागणी करणे आवश्यक ठरते.

मूलपेशी म्हणजे काय?

शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. स्नायूची पेशी आकुंचन पावते, रक्तातील तांबडी पेशी प्राणवायू वाहून नेते. मूलपेशी मात्र दोन बाबतींत वेगळ्या असतात. त्या स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करू शकतात आणि गरजेनुसार विशिष्ट काम करणाऱ्या पेशींमध्ये रूपांतरितही होऊ शकतात. गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतील मूलपेशींपासून शरीरातील जवळपास कोणतीही पेशी तयार होऊ शकते. प्रौढ शरीरातील मूलपेशींची क्षमता त्या मानाने मर्यादित असते. अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्त घडवितात; त्यांच्याकडून मूत्रपिंड घडविण्याची अपेक्षा करता येत नाही.

रक्त घडविणाऱ्या या मूलपेशींचा उपयोग मात्र निर्विवादपणे सिद्ध झालेला आहे. भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. त्यानंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर विस्तारले. रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया यांसारख्या विकारांत हा आज प्रस्थापित उपचार आहे. या यशामुळेच इतर अवयवांबाबतही तशाच अपेक्षा निर्माण झाल्या.

२००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींना मागे नेऊन मूलपेशींसारखे बनविता येते हे दाखविले. पुढच्याच वर्षी मानवी पेशींबाबतही ते साध्य झाले आणि २०१२ साली यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधामुळे गर्भपेशींवाचून मूलपेशी मिळविण्याचा मार्ग मोकळा झाला.

हृदय : आशा आणि अनुभव

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयस्नायूच्या काही भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो, तेथील पेशी मरतात आणि त्यांच्या जागी व्रणाची ऊती तयार होते. ही ऊती आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर ताण पडतो आणि कालांतराने हृदय दुबळे होते. मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी का घेत नाहीत, याचे उत्तर २००९ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी एका अभिनव पद्धतीने दिले. १९५० व ६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनची नोंद मानवी पेशींतही उमटली होती. तिच्या आधारे पेशींचे वय मोजले असता असे आढळले, की पंचविसाव्या वर्षी हृदयस्नायूच्या सुमारे एक टक्का पेशी दरसाल नव्या होतात आणि पंचाहत्तराव्या वर्षी हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. म्हणजे हृदय स्वतःला बदलते, परंतु इतक्या संथपणे की एका झटक्याची हानी आयुष्यभरातही भरून निघत नाही.

२००१ साली अमेरिकेतील एका गटाने अस्थिमज्जेतील पेशी उंदराच्या हृदयात सोडल्यास नवा हृदयस्नायू तयार होतो, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या बळावर जगभर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. तथापि २००४ साली अन्य दोन गटांना तपासणीत तो निष्कर्ष आढळला नाही. मूळ संशोधनात अग्रभागी असलेले पिएरो आन्व्हर्सा यांच्या हार्वर्डमधील प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्यात यावेत, अशी शिफारस खुद्द हार्वर्ड वैद्यकीय विद्यालय व त्याच्या संलग्न रुग्णालयाने २०१८ साली केली.

दरम्यान झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्षही सावध करणारे आहेत. युरोपातील एका चाचणीत झटक्यानंतर अस्थिमज्जेतील पेशी दिल्याने मृत्यू कमी होतात काय, हे पाहण्यासाठी तीन हजार रुग्णांची योजना होती. प्रत्यक्षात ३७५ रुग्णच मिळाले आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून ठोस उत्तर मिळू शकले नाही. २०२३ साली दुबळ्या हृदयाच्या ५३७ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. पेशी दिलेल्या रुग्णांत पुन्हा झटका येणे वा पक्षाघात होणे कमी आढळले. परंतु ज्या मुख्य उद्दिष्टासाठी ती चाचणी आखली होती, म्हणजे वारंवार रुग्णालयात दाखल होणे कमी करणे, ते साध्य झाले नाही.

याचा अर्थ हा मार्ग बंद झाला असा नाही. जर्मनीतील गटिंगेन येथील संशोधकांनी प्रयोगशाळेत घडविलेल्या हृदयस्नायूचे ठिगळ माकडांच्या व एका रुग्णाच्या हृदयावर बसविले आणि ते टिकून राहिल्याचे २०२५ साली प्रसिद्ध केले. ही प्रगती उल्लेखनीय आहे. परंतु अशा प्रयोगांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचा मार्ग फार लांबचा आहे.

मूत्रपिंड : अधिक गुंतागुंतीचा अवयव

मूत्रपिंडाची अडचण याहून मोठी आहे. हृदय मुख्यतः एक पंप आहे. मूत्रपिंड ही गाळणी, रसायनशाळा आणि नियंत्रणकक्ष अशी तिहेरी यंत्रणा आहे. तिचा मूळ घटक म्हणजे नेफ्रॉन. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुच्छ आणि त्याला जोडलेली नलिका मिळून एक नेफ्रॉन बनतो. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. मात्र व्यक्तिपरत्वे ही संख्या दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत बदलते. नलिकेच्या पेशींना इजा झाल्यास त्या बऱ्याच अंशी भरून येतात. म्हणूनच सर्पदंश, अतिसार किंवा जंतुसंसर्गामुळे अचानक बंद पडलेले मूत्रपिंड योग्य उपचारांनी अनेकदा पुन्हा सुरू होते. परंतु एखादा संपूर्ण नेफ्रॉन नष्ट झाला, तर त्याच्या जागी नवा तयार होत नाही.

२०१५ साली ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील प्रयोगशाळांनी मूलपेशींपासून मूत्रपिंडाची सूक्ष्म प्रतिकृती तयार केली. तिच्यात नेफ्रॉनसदृश रचना दिसतात. मात्र पुरेशा रक्तवाहिन्या आणि मूत्र वाहून नेणारा मार्ग नसल्याने ती आजतागायत मूत्रपिंडाचे काम करू शकलेली नाही. औषधांची तपासणी आणि आनुवंशिक विकारांचा अभ्यास यांसाठी ती मोलाची ठरत आहे. रक्तशुद्धीकरणाच्या खाटेवर असलेल्या रुग्णाला तिचा थेट लाभ अद्याप मिळालेला नाही.

जन्माआधीची ठेव

मानवी शरीरात नेफ्रॉन केवळ गर्भावस्थेत घडतात. गर्भधारणेच्या साधारण ३६व्या आठवड्याच्या सुमारास ही घडण थांबते आणि त्यापैकी निम्म्याहून अधिक नेफ्रॉन अखेरच्या तीन महिन्यांत तयार होतात. त्यानंतर आयुष्यभर केवळ खर्च होतो, जमा होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही एकदाच मिळणारी ठेव आहे. वाढत्या वयात प्रत्येकाची ठेव घटतच असते. ज्याची मुळातच कमी असते, तो लवकर कर्जबाजारी होतो.

या ठेवीचा आकार जन्मवजनाशी निगडित आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जन्मवजनातील प्रत्येक किलोमागे एका मूत्रपिंडात सुमारे अडीच लाख नेफ्रॉनचा फरक पडतो. त्याच वर्षी जर्मनीत अपघातात मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मूत्रपिंडांची तपासणी झाली. उच्च रक्तदाब असलेल्या दहा व्यक्तींच्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण सात लाख नेफ्रॉन आढळले, तर तसा इतिहास नसलेल्या दहा जणांत चौदा लाख. नमुना लहान होता. पण नेफ्रॉन कमी असतील तर रक्तदाब वाढतो आणि वाढलेला रक्तदाब उरलेले नेफ्रॉन झिजवितो, हा बॅरी ब्रेनर यांनी १९८८ साली मांडलेला विचार त्यातून बळकट झाला.

हृदयाचीही कहाणी फारशी वेगळी नाही. म्हैसूरच्या एका मिशन रुग्णालयात १९३४ नंतरच्या दोन दशकांत जन्मलेल्या ५१७ व्यक्तींचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. अडीच किलो वा त्याहून कमी वजनाने जन्मलेल्यांत हृदयरोहिणीविकाराचे प्रमाण ११ टक्के, तर सुमारे ३.२ किलो वा त्याहून अधिक वजनाच्यांत ते ३ टक्के आढळले. महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांतील गर्भवतींचा पाठपुरावा केला. तेथील बालकांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. विशेष म्हणजे ही कृश बालके स्नायूंच्या बाबतीत उणी, परंतु चरबीच्या बाबतीत त्या मानाने सरस होती. पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे येथे दिसतात, आणि मधुमेह हे मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमुख कारण आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ मधील पाचव्या फेरीनुसार वजन नोंदविलेल्या बालकांपैकी सुमारे १८ टक्के बालके अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती आणि गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी होत्या. म्हणजेच देशातील मूत्रपिंड व हृदयविकारांचा एक भाग आजच्या प्रसूतिगृहांतच आकार घेत आहे.

नाळरक्त पेढ्यांचे अर्थशास्त्र

याच प्रसूतिगृहांच्या दारात मूलपेशींची बाजारपेठही उभी राहिली. नाळेतील रक्तात रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशी असतात. १९८८ साली पॅरिसमध्ये एका आजारी मुलाला त्याच्या बहिणीच्या नाळरक्ताचा उपयोग झाला आणि हा मार्ग खुला झाला. भारतात २००४च्या सुमारास चेन्नईतून खाजगी नाळरक्त पेढीचा व्यवसाय सुरू झाला आणि लवकरच देशभर पसरला. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त साठवून ठेवावे, असे पालकांना सांगितले जाऊ लागले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मात्र निरोगी कुटुंबात केवळ स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, अशी भूमिका घेतली आहे. रक्ताच्या आनुवंशिक विकारात स्वतःच्या नाळरक्तातही तोच दोष असतो, हे त्याचे एक कारण. स्वतःचे नाळरक्त पहिल्या वीस वर्षांत वापरले जाण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी अल्प मानली जाते.

या आकड्यांचा आर्थिक अर्थ पाहणे उद्बोधक ठरेल. साठवणुकीचा खर्च उदाहरणादाखल पन्नास हजार रुपये धरला, तर अडीच हजार कुटुंबांनी मिळून साडेबारा कोटी रुपये खर्च केल्यावर एका बालकाला उपयोग होण्याची शक्यता निर्माण होते. आणि हे झाले सर्वांत अनुकूल गणित. दोन लाखांत एक हे प्रमाण धरल्यास तोच आकडा एक हजार कोटींवर जातो. तमिळनाडूत १९८७ साली सुरू झालेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी मातृत्व साहाय्य योजनेत २०१८ पासून गरीब गर्भवतीला रोख व पोषक आहार मिळून १८ हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. साडेबारा कोटींत अशा सुमारे सात हजार मातांचे साहाय्य होऊ शकते. खाजगी कुटुंबाचा पैसा शासनाच्या योजनेत येणार नाही, हे खरे. पण शासनाची करसवलत हा सार्वजनिक पैसाच असतो. नाळरक्त पेढ्यांच्या सेवेला २०१४ पासून प्रथम सेवाकरातून आणि नंतर वस्तू व सेवा करातून सूट होती. ती १८ जुलै २०२२ पासून मागे घेण्यात आली, हे योग्यच झाले.

नाळरक्ताचे दान सार्वजनिक पेढीत झाले किंवा प्रौढ दात्यांची नोंदवही विस्तारली, तर लाभ कोणाही गरजूला मिळतो. चेन्नईतच २००९ साली स्थापन झालेली ‘दात्री’ ही रक्तमूलपेशी दात्यांची नोंदवही याचे उदाहरण आहे. रक्तविकारांच्या रुग्णांसाठी ही सामायिक व्यवस्था वैयक्तिक साठवणुकीपेक्षा अधिक कार्यक्षम आहे.

टंचाईची किंमत

नवा अवयव घडविता येत नाही, तोवर निकामी मूत्रपिंडाला दोनच पर्याय उरतात, रक्तशुद्धीकरण आणि प्रत्यारोपण. २०१६ साली राष्ट्रीय रक्तशुद्धीकरण कार्यक्रम आखताना देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, असे गृहीत धरण्यात आले. २०२३ साली देशात मूत्रपिंडाची तेरा हजारांहून काही अधिक आणि हृदयाची सुमारे २२० प्रत्यारोपणे झाली. ही तफावत जेथे असते तेथे काळा बाजार फोफावतो. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला, तरी अवयवविक्री लगेच थांबली नाही. चेन्नईतील मूत्रपिंड विकलेल्या ३०५ व्यक्तींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. मिळालेली सरासरी रक्कम सुमारे एक हजार डॉलर होती. पुढे त्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न एकतृतीयांशाने घटले आणि बहुतेकांचे आरोग्य ढासळले. दारिद्र्यातून सुटण्यासाठी केलेला व्यवहार दारिद्र्य वाढवून गेला.

याच शहराने पुढे वेगळा मार्गही दाखविला. सप्टेंबर २००८ मध्ये एका डॉक्टर दांपत्याने अपघातात मेंदूमृत झालेल्या आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दान केले. त्याच सुमारास राज्य शासनाने मेंदूमृत दात्यांचा कार्यक्रम सुसूत्र केला. शासकीय व खाजगी रुग्णालयांना एका नोंदणीत आणून अवयवांचे वाटप ठरलेल्या क्रमाने होऊ लागले. २०२३ साली दात्यांना शासकीय इतमामात अंतिम निरोप देण्याचा निर्णयही तमिळनाडूने घेतला.

नियमनाची चौकट

मूलपेशींच्या नावाने अप्रमाणित उपचार विकले जाऊ नयेत यासाठी भारतात टप्प्याटप्प्याने चौकट तयार झाली. २००७ साली पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांच्या शीर्षकात संशोधनाबरोबर उपचार हा शब्दही होता. २०१३च्या आवृत्तीतून तो जाणीवपूर्वक वगळण्यात आला. २०१७च्या सुधारित तत्त्वांनी ही भूमिका कायम ठेवली : रक्तविकारांतील प्रस्थापित प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. २०१९च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनी मूलपेशींपासून तयार झालेल्या उत्पादनांना नवीन औषधांच्या वर्गात घातले. मूत्रपिंड किंवा हृदयासाठी मूलपेशी उपचार सुचविला गेल्यास रुग्णाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत. ही चाचणी भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत नोंदविलेली आहे काय? आणि तिच्यासाठी शुल्क आकारले जात आहे काय? प्रायोगिक उपचाराचा खर्च रुग्णावर टाकला जात असेल, तर ती सावधगिरीची खूण समजावी.

अग्रक्रमाची दिशा

उपरोक्त विवेचनातून खर्चाचा क्रम पुढीलप्रमाणे सुचतो.

पहिला क्रम मातेच्या पोषणाचा, रक्तक्षय निवारणाचा आणि अकाली प्रसूती टाळण्याचा. प्रसूतिपूर्व तपासणीवरील खर्च हा केवळ बालमृत्यू रोखण्याचा नव्हे, तर पन्नास वर्षांनंतरच्या रक्तशुद्धीकरणाची गरज घटविण्याचाही खर्च आहे.

दुसरा क्रम पाठपुराव्याचा. कमी वजनाच्या वा अकाली जन्मलेल्या बालकाची नोंद प्रसूतिगृहाच्या पुस्तकातच राहू नये. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासण्यांशी या नोंदीची सांगड घालून अशा बालकांचा रक्तदाब व लघवी नियमित तपासल्यास झीज वेळीच लक्षात येईल.

तिसरा क्रम प्रौढांमधील मधुमेह व रक्तदाबाच्या नियंत्रणाचा. तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ योजनेत रक्तदाब व मधुमेहाची औषधे रुग्णाच्या दारी पोहोचविली जातात. औषधांच्या किमतीही अनुकूल होत आहेत. मूत्रपिंडाची झीज व हृदयाचे दौर्बल्य दोन्ही मंदावणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० साली, तर एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ साली संपले. डॅपाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत मूत्रपिंडविकार गंभीर होण्याचा धोका ३९ टक्क्यांनी घटला. इतका ठोस लाभ कोणत्याही मूलपेशी उपचाराने या आजारात अद्याप दाखविलेला नाही.

चौथा क्रम मेंदूमृत दात्यांच्या कार्यक्रमाचा आणि त्यासोबतच प्रामाणिक मूलपेशी संशोधनाचा. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, वेल्लोरचे मूलपेशी संशोधन केंद्र यांसारख्या संस्थांना दीर्घकाळ स्थिर अर्थसाहाय्य मिळणे गरजेचे आहे. संशोधनाला घाई करणे आणि रुग्णाला आशा विकणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच महागात पडतात, हे हृदयविकाराच्या क्षेत्रातील अनुभवाने दाखविले आहे.

समारोप

विज्ञान एक दिवस नवे नेफ्रॉन घडविण्यात यशस्वी होईल, अशी आशा बाळगण्यास आधार आहे. तोपर्यंत नेफ्रॉन घडविण्याची क्षमता असलेली एकच जागा ज्ञात आहे, ती म्हणजे मातेचे गर्भाशय. एग्मोरच्या प्रसूतिगृहात तपासणीसाठी रांगेत उभ्या असलेल्या गर्भवतीच्या हातातील लोहाच्या गोळ्या आणि पोषक आहार यांची किंमत नगण्य वाटते. परंतु तिच्या बाळाच्या मूत्रपिंडाची व हृदयाची ठेव याच काळात जमा होत असते. ती पुरेशी झाली, तर जवळच्या बालरुग्णालयातील मूत्रपिंडविकार विभागाची पायरी चढण्याची वेळ त्या बाळावर येण्याची शक्यता कमी होईल. विकासाच्या नियोजनात या खर्चाला आरोग्यावरील गुंतवणुकीचा पहिला हप्ता मानले जावे, हेच श्रेयस्कर.